चिंचदरीचं प्रमाण विचलन

संशोधन पद्धती या विषयाचं नुसतं नाव काढलं, तरी एम.ए. समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षातल्या भल्याभल्यांची पाचावर धारण बसायची. वेदिका सांगळे मात्र त्यातली नव्हती. देवरे मॅडमनी फळ्यावर पहिलं सूत्र लिहिलं, तेव्हा बाकीच्यांनी माना खाली घातल्या आणि वेदिकेनं बाह्या सरसावल्या. सरासरी म्हणजे काय, तर सगळ्यांचं एकत्र करायचं आणि सारखं वाटून टाकायचं. हे तर तिची आई रोज वरणाच्या पातेल्यापाशी बसून करते! यात घाबरण्यासारखं काय आहे, हेच तिला कळत नव्हतं.

असा आत्मविश्वास तिच्या घराण्यातच होता. सिन्नरच्या पुढे डोंगराला टेकून बसलेल्या चिंचदरीतून एम.ए.ला गेलेली ती पहिलीच मुलगी. ती गंगापूर रोडच्या वसतिगृहात राहायला गेली, त्याच आठवड्यात तिच्या वडिलांनी, म्हणजे नवनाथ सांगळ्यांनी, एसटीच्या थांब्यावर फ्लेक्स लावला. वर 'चिंचदरीची शान' आणि वेदिकेचा फोटो, खाली शुभेच्छुक म्हणून स्वतःचा. शुभेच्छुकाचा फोटो शानेपेक्षा जरासा मोठा झाला होता, पण तो फ्लेक्सवाल्याचा दोष, असं नवनाथरावांचं म्हणणं.

नवनाथराव माजी उपसरपंच. त्यांच्या कारकिर्दीत चिंचदरीनं ग्रामस्वच्छता स्पर्धेत तालुक्यात दुसरा नंबर मारला होता, आणि तो कसा मारला हे गावात पोरासोरांनाही ठाऊक होतं. तपासणी समिती यायच्या आधी नवनाथराव घरोघर फिरले आणि समितीनं काय विचारलं तर काय सांगायचं, हे प्रत्येकाकडून घोकून घेतलं. मग काय, समितीनं तोंड उघडायचा अवकाश, की समोरून 'साबणानं हात धुतो' असं उत्तर यायचं. एका म्हाताऱ्याला वय विचारलं, तर त्यानंही साबणाचंच सांगितलं. 'एकीचं गाव' असा शेरा समितीनं लिहिला. तेव्हापासून बाहेरचं कोणी काही विचारायला आलं, की चिंचदरी एका तोंडानं बोलते.

तर मॅडमनी वर्गातल्या प्रत्येकाला एक छोटा प्रकल्प दिला. माणसं रोज मोबाईलवर किती वेळ घालवतात आणि त्याचा झोपेशी काही संबंध आहे का, हा विषय वेदिकेनं घेतला, आणि अभ्यासासाठी स्वतःचंच गाव निवडलं. मी चार दिवस येतेय, लोकांना प्रश्न विचारायचेत, असं तिनं वडिलांना फोनवर कळवलं. तेवढ्यावर थांबली असती तर ही गोष्ट घडलीच नसती. पण जाता जाता ती बोलून गेली की काम चांगलं झालं तर चिंचदरीचं नाव विद्यापीठात पोचेल. पलीकडे नवनाथरावांनी नुसतं 'बरं बरं' म्हटलं. सांगळ्यांच्या घरातल्या बऱ्याच भानगडी याच 'बरं बरं'पासून सुरू झालेल्या आहेत.

वेदिकेनं सगळं नियमाप्रमाणे केलं. घरांच्या नावांच्या चिठ्ठ्या आईच्या परातीत टाकल्या, डोळे मिटून उचलल्या आणि ज्यांची निघाली त्यांच्या घरी गेली. पुस्तकात याला यादृच्छिक नमुना म्हणतात. गावात याला माणूस तोडणं म्हणतात. एका घरी चहा घेऊन शेजारचं दार ओलांडून पुढं जायचं म्हणजे काय? आमच्या दारात काटे पेरलेत का, असं दोन बायकांनी तोंडावर विचारलं. शेवटी चिठ्ठी निघालेल्या घरी प्रश्न आणि चहा, आणि न निघालेल्या घरी नुसता चहा, अशी तडजोड झाली. चार दिवसांत तिच्या पोटात इतका चहा गेला, की पाचव्या दिवशी वास आला तरी मळमळायला लागलं.

उत्तरं मात्र झकास मिळत होती. मोबाईलवर किती वेळ? एक तास. झोप किती? आठ तास. पुढच्या घरी तेच, त्याच्या पुढच्या घरीही तेच. मंगळूच्या घरी तिला जरा शंका आली, कारण त्यानं 'एक तास' हे उत्तर मोबाईलमधून मान वर न काढताच दिलं. पण समोरचा सांगेल तेच लिहायचं, त्यात आपलं मत मिसळायचं नाही, हा मॅडमचा पहिला नियम होता. वेदिकेनं तो पाळला. अर्धं गाव झाल्यावर तर शंका जाऊन तिचा ऊर भरून आला. बाकी जग बिघडलं असेल, आपलं गाव केवढं सुधारलंय!

वसतिगृहात परत आल्यावर तिनं आकडेमोड मांडली. सरासरी एक तास. प्रमाण विचलन, म्हणजे माणसं सरासरीपासून किती लांब पांगलीत याचं माप, शून्य. झोपेचंही शून्य. तिनं तीनदा करून पाहिलं, तीनदा शून्य आलं, आणि ती आनंदानं कॉटवर आडवी झाली. यशोदाबाईंच्या, म्हणजे तिच्या आईच्या, भाकऱ्या सगळ्या एका मापाच्या उतरायच्या आणि त्यासाठी पंचक्रोशीत त्यांचं नाव होतं. भाकऱ्यांना जे लागू ते आकड्यांना का नाही? दुसऱ्या दिवशी तिनं वर्गात उभं राहून, मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, जाहीर केलं.

"मॅडम, माझं प्रमाण विचलन शून्य आलंय."

शेजारच्या निकितानं तिच्याकडे हेव्यानं पाहिलं. बिचारीचं विचलन दोनच्या वर गेलं होतं आणि ते कमी कसं करावं या चिंतेत ती होती. देवरे मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग मोबाईल आणि झोप यांचा सहसंबंध किती आला, असं शांतपणे विचारलं. तेवढं एक गणित संगणक करत नाहीये, शून्यानं भागता येत नाही म्हणतोय, असं वेदिकेनं सांगितलं. संगणकात काहीतरी बिघाड असावा, अशी पुस्तीही जोडली.

तास संपल्यावर मॅडमनी तिला खोलीत बोलावलं. मॅडम मूळच्या सटाण्याच्या. नाशकात राहून त्यांची मराठी अगदी घासूनपुसून झाली होती. फक्त राग अनावर झाला की सटाणा वर यायचा.

"हाई काय शे, वेदिका?" त्यांनी कागद टेबलावर ठेवले. "एवढ्या घरात एकही माणूस सव्वा तास म्हणत नाही? माणसं आहेत की विटा? खरं सांग. गावाला गेली होतीस, की वसतिगृहात बसून भरलंस हे सगळं?"

वेदिकेच्या पायाखालची जमीनच सरकली. आकडे बनावट निघाले तर प्रकल्प रद्द, आणि प्रकल्प रद्द म्हणजे वर्ष वाया, हा विभागाचा नियम होता. वर्षाचं एक वेळ सोडा. सांगळ्यांच्या पोरीनं खोटं केलं, ही बातमी एसटीच्या आधी चिंचदरीला पोचली असती. तिथं थांब्यावर ती फ्लेक्सवर हसत उभी होती. मी प्रत्येक दारात गेले होते, एवढंच ती कशीबशी म्हणू शकली.

तिनं वडिलांना फोन लावला. सगळ्या गावाचं उत्तर एकच कसं, असं विचारलं. नवनाथरावांना वाटलं, पोरगी शाबासकी द्यायला फोन करतेय. त्यांनी अभिमानानं सांगितलं की ती यायच्या आधी दोन दिवस ते दारोदार फिरत होते. एक तास आणि आठ तास हे आकडे त्यांनी सिन्नरच्या डॉक्टरला विचारून पक्के केले होते. वेदिकेला रडू कोसळलं. सगळी उत्तरं सारखी आली म्हणून मला खोटी ठरवतायत, उत्तरं वेगवेगळी यायला हवी होती, असं ती हुंदके देत म्हणाली. नवनाथराव गंभीर झाले. वेगवेगळी पाहिजेत होय, मग हे आधीच सांगायचं ना, असं म्हणून त्यांनी तिची समजूत काढली आणि फोन ठेवताना म्हणाले, "बरं बरं."

दुसऱ्या दिवशी मॅडमनी सांगितलं की रविवारी त्या स्वतः चिंचदरीला येणार, आणि गावात कोणाला आगाऊ कळता कामा नये. वेदिकेनं शब्द दिला आणि पाळलाही. पण ज्या गावानं समित्या पचवल्या, त्याला कळवायला कशाला लागतं? मॅडमची पांढरी गाडी वेशीतून आत आली, चष्मा लावलेली बाई हातात कागद घेऊन उतरली, आणि मारुतीच्या देवळावरचा भोंगा खरखरला. समिती आलेली आहे, ग्रामस्थांनी आपापल्या घरी थांबावं. गाडीचं दार लागायच्या आत दोन अंगणांत सडा पडला होता. नवनाथराव शाल आणि नारळ घेऊन धावत आले, आणि मॅडमना नको नको म्हणतानाही सत्कार घ्यावा लागला.

शाल गुंडाळून मॅडम गल्लीच्या टोकाच्या घरापासून सुरू झाल्या. मोबाईलवर किती वेळ जातो? तिथल्या बाईनं एक तास सांगितलं. दुसऱ्या घरी दोन तास. मॅडमनी मान डोलावली, आणि वेदिकेचा जीव भांड्यात पडला. अखेर माणसं आपापलं खरं सांगू लागली! तिसऱ्या घरी तीन तास निघाले. चौथ्या घरी चार. पाचव्या दारापाशी मॅडम थांबल्या, वेदिकेकडे वळल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "इथं पाच." आत गेल्यावर म्हाताऱ्यानं पंजाच वर केला. धरणीमायेनं पोटात घेतलं तर बरं, असं वेदिकेला झालं. वडिलांच्या 'बरं बरं'चा अर्थ तिला आता लागला होता. सहाव्या, सातव्या आणि आठव्या घरी काय झालं, हे सांगायची गरज नाही.

देवळासमोरच्या नवव्या घराच्या ओट्यावर लंकाबाई बसल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढं, समोर सुपात निवडायची मटकी. मॅडमनी प्रश्न विचारायच्या आधीच त्या म्हणाल्या, "नऊ."

एवढा वेळ मोबाईलवर काय बघता, असं मॅडमनी विचारलं. लंकाबाईंनी सूप बाजूला ठेवलं. त्यांच्या मनात दोन दिवस साचलं होतं ते बाहेर आलं.

"बाई, माझ्याकडं मोबाईल नाय. कधी नव्हताच. पण माझ्या वाटणीला नऊ तास आले, मी काय करू? त्या टोकाच्या घरी मंगळूला बघा, एकच तास आलाय त्याला. त्याच्या तर हातातून सुटत नाय ते. नवनाथला म्हनलं मी, अदलाबदल कर, तर म्हनतो, आजी, ओळ मोडंल."

मॅडमनी वळून नवनाथरावांकडे पाहिलं. देवळासमोर तोवर सगळं गाव जमलं होतं. नवनाथराव पुढं झाले. माणूस हुशार होता. वेळ ओळखून त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"मॅडम, चूक माझी हाय. पहिल्यांदाबी मीच पढवलं, आताबी मीच. पोरीला यातलं काय ठावं नव्हतं." मग ते वेदिकेकडं वळले. "तुझ्या पुस्तकात गावाचं नाव येनार म्हनलीस ना वेदे? मग ते काय, दिवसभर मोबाईलात तोंड घालून बसनारं गाव, असं यायचं? ज्या गावानं तुला पाठवली, ते तुझ्या शेजारी बरं दिसाया नको?"

वेदिकेला वडिलांचा राग आला होता, पण आता तो टिकेना. हा माणूस लोकांच्या दारात फिरला होता तो स्वतःच्या मोठेपणासाठी नव्हे, निदान नुसता त्यासाठी नव्हे. मुलीच्या नावाशेजारी गाव धुवून, इस्त्री करून उभं करावं एवढंच त्याला वाटत होतं. तिनं डोळे पुसले.

मॅडमचा चेहरा मात्र हलला नाही. उलट त्या म्हणाल्या की यानं गोष्ट सुधारत नाही, बिघडते. उत्तरं जर आधीच ठरलेली होती आणि ती वडिलांना ठाऊक होती, तर मुलीला घरोघर फिरायची गरजच काय? फोनवर विचारून वसतिगृहात बसूनही भरता आली असती. ती खरंच दारोदार गेली, याला पुरावा काय?

यावर चिंचदरी एका सुरात म्हणाली, "आली होती!" आणि मॅडमनी कपाळाला हात लावला. या गावानं एका सुरात सांगितलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवायचे दिवस संपले होते. नवनाथरावांच्याही ते लक्षात आलं, आणि त्यांनी हातातली टोपी पुन्हा डोक्यावर चढवली.

तेवढ्यात गर्दीतून गोजराबाई म्हणाल्या की आली नाही कशी, माझ्याकडं तिनं शेंगदाण्याचा लाडू खाल्ला की. झालं. लाडू तुझ्याकडं कुठला, लाडू माझ्याकडं खाल्ला, असं शेजारची भाग्यश्री फणकारली. तुझ्याकडं तर तिनं चहा निम्मा ठेवला, साखर घालायला तुझा हात कुठं उठतो? गोजराबाईंनी पदर खोचला. मंगळूची बायको म्हणाली की माझ्याकडं म्हशीनं तिच्या चपलेवर पाय दिला, पट्टा तुटला, तो मी सुतळीनं बांधून दिला. कोणी म्हणालं, ती दुपारी आली; कोणी म्हणालं, नाही, दिवे लागणीला. पोहे नक्की कोणाच्या घरी झाले यावरून दोन सख्ख्या जावा एकमेकींचं माहेर काढू लागल्या. लंकाबाईंनी ओट्यावरून तक्रार केली की माझ्याकडं पाणीसुद्धा न पिता गेली. ज्या गावाच्या एकीला तालुक्यानं शेरा दिला होता, ते गाव समितीसमोर कचाकचा भांडत होतं! नवनाथराव एकेकीला हात जोडून गप्प करू पाहत होते. आपण उभारलेलं सगळं वाहून गेलं, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

आणि देवरे मॅडम हसत होत्या. त्यांनी वेदिकेला जवळ बोलावून तिची चप्पल बघायला मागितली. पट्ट्याला सुतळी होती.

"मला पटलं," त्या म्हणाल्या. "ठरवून खोटं बोलणारी माणसं अशी भांडत नाहीत. वेदिका, आता ऐकून ठेव. हे जे चाललंय ना, एकीचं एक आणि दुसरीचं दुसरं, याला विचलन म्हणतात. जिथं खरी माणसं असतात तिथं ते असतंच. शून्य आलं की खूश व्हायचं नाही, घाबरायचं."

वेदिकेनं त्या गोंधळाकडे पाहिलं. चार महिने सूत्र पाठ होतं, पण त्याचा अर्थ तिला आत्ता, जावांच्या भांडणात, कळला. वर्ष वाचलं होतं. त्याहून मोठं म्हणजे नाव वाचलं होतं.

मॅडमनी तिला काम नव्यानं करायला लावलं. या वेळी कोणाला काही विचारायचं नाही. मोबाईल स्वतःच दिवसभराचा हिशेब ठेवतो, तो उघडून वाचायचा आणि लिहायचा; रात्री तो शेवटचा कधी ठेवला आणि सकाळी पहिल्यांदा कधी उचलला, त्यावरून झोप धरायची. ज्यांच्याकडं मोबाईल नाही त्यांना तास वाटायचे नाहीत. वेदिका पुन्हा दारोदार गेली, पुन्हा तेवढाच चहा प्यायली. चिंचदरीचे आकडे काही गौरवास्पद नव्हते. मंगळूचा आकडा पाहून मंगळूच घाबरला. नवनाथरावांचा आकडा घरात कोणी मोठ्यानं वाचू नये असं ठरलं. पण सरासरी खरी होती, विचलन चांगलं दणदणीत होतं, आणि संगणकानं सहसंबंध मुकाट्यानं काढून दिला.

सादरीकरणाच्या दिवशी विभागाचं सभागृह भरलं होतं. शेवटच्या रांगेत नवनाथराव इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बसले होते आणि शेजारी यशोदाबाई. वेदिका छान बोलली. नमुना कसा निवडला, आकडे कसे मिळवले, काय निघालं आणि काय निघालं नाही, सगळं न अडखळता. निकिता पुढच्या रांगेतून तिच्याकडे पुन्हा हेव्यानं पाहत होती, या वेळी योग्य कारणासाठी. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एकच प्रश्न विचारला. प्रत्येक संशोधनाला काही मर्यादा असतात, त्या प्रामाणिकपणे सांगाव्या लागतात. तुमच्या संशोधनाची मुख्य मर्यादा कोणती?

उत्तर वेदिकेला माहीत होतं, देवरे मॅडमना माहीत होतं, आणि खोटं बोलायची तर आता सोयच उरली नव्हती.

"माझे वडील," ती म्हणाली.

मग मागच्या रांगेत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. नवनाथराव उभे राहिले होते. विद्यापीठाच्या माणसांसमोर मुलीनं आपलं नाव घेतलं, याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हता. त्यांनी चारी बाजूंना वळून हात जोडले. आधी कोणीतरी हसलं, मग टाळ्या सुरू झाल्या आणि बघता बघता सगळं सभागृह टाळ्या वाजवू लागलं. यशोदाबाई त्यांचा शर्ट धरून खाली ओढत होत्या, पण ते काही बसेनात. वेदिकेला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि तरीही त्या क्षणी त्या मर्यादेचा तिला जेवढा अभिमान वाटला तेवढा निष्कर्षांचाही वाटला नव्हता.

टाळ्या थांबल्यावर नवनाथरावांनी घसा खाकरला. समितीला गावाबद्दल आणखी काही विचारायचं असेल तर खुशाल विचारा, असं ते म्हणाले. उत्तरं द्यायला आपण तयार आहोत.

देवरे मॅडमनी घाईघाईनं माईक ओढून घेतला.

"नको," त्या म्हणाल्या. "बसा, नवनाथभाऊ. पोरगी पास झालीय."